मेलेल्या मेंढीची लोकर

“थुंकी कमी लाव,” मिर्तो आत्या म्हणाली. “देवीचा धागा कातते आहेस, बापाचं घोंगडं नव्हे.”

मी टकळी फिरती ठेवली. थांबवली असती तर हाताची थरथर तिला दिसली असती. फिरत्या टकळीवर थरथर दिसत नाही, हे कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही.

अंगणात आम्ही दोघीच होतो. ती लोकर पिंजून कातायच्या वळ्या, पेळू, करत होती, मी कातत होते. मुलगा गेला म्हणून तिनं केस कापून टाकले होते. त्या कापलेल्या डोक्यानं ती माझी आत्या वाटतच नव्हती; कुणी म्हातारा खलाशी समोर येऊन बसावा तशी दिसत होती. दारात माझे बाबा, तिमोनाक्स, उंबऱ्यावर बसून सुरा घासत होते. दगडावर पाणी टाकायचं, सुरा घासायचा, अंगठ्यानं धार बघायची, पुन्हा पाणी. तो सुरा कुणासाठी होता ते मला माहीत होतं. ज्याच्यासाठी होता त्याच्यावर माझा जीव होता, आणि हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आमचं पेत्रा बेट म्हणजे समुद्रात विसरून राहिलेला खडक. शेत नाही, झाड नाही. पुरुष समुद्राच्या तळाचा स्पंज काढतात आणि बायका मेंढ्यांची लोकर कातून विणतात, त्यावर सगळं बेट जगतं. स्पंज काढणारा पाणबुड्या कमरेला दोर बांधतो, पोटाशी जड दगड धरतो आणि तळाला जातो. वर बोटीत दुसरा माणूस दोराचं टोक धरून बसतो. खालून हिसका बसला की ओढायचं. दोर धरणाऱ्याच्या मुठीत दुसऱ्याचा जीव असतो. म्हणून आमच्याकडे लोक जावई बघत नाहीत एवढ्या काळजीनं दोर धरणारा बघतात.

यूफ्रॉन हा आत्याचा एकुलता एक मुलगा. त्याचा दोर आल्कोन धरायचा. त्या दिवशी दोर वर आला तो रिकामा, टोक तुटलेलं. यूफ्रॉन दुसऱ्या सकाळी खडकांवर लागला.

आल्कोन म्हणाला, दोर खाली कपारीत अडकला आणि घासून तुटला, मी शेवटपर्यंत ओढत होतो. बाबा म्हणाले, खोटं. यानं भिऊन दोर सोडून दिला, आणि मग लोकांना दाखवायला उरलेल्या दोराचं टोक ठेचलं. बोटीत तिसरं माणूस नव्हतं, आणि मासे साक्ष देत नाहीत. बाबा आणि माझे दोघे काका सुरे घेऊन निघाले. आल्कोन डोंगर चढून हेरादेवीच्या देवळात शिरला आणि देवीच्या लाकडी मूर्तीचे पाय धरून बसला.

देवीचे पाय धरलेल्याला हात लावायचा नाही. त्याला अन्नपाणीही द्यायचं नाही. बाहेर बसून वाट बघायची. काका आळीपाळीनं दारात बसत होते आणि मुद्दाम पाण्याचा घडा जवळ ठेवून घटाघटा पीत होते, हे आमच्या घरात कौतुकानं सांगितलं जात होतं. ते ऐकलं की माझ्या घशाला कोरड पडायची.

शेवटी देवळाच्या म्हाताऱ्या पुजारीणबाई, थेआनो आजी, काठी टेकत आमच्या दारात आल्या. “तो माझ्या देवीच्या पायाशी मेला तर ती घाण कोण काढणार? तू?” त्या बाबांना म्हणाल्या. “धागा कात म्हणावं पोरीला.”

धाग्याची रीत जुनी. एक टोक मूर्तीच्या पायाला बांधायचं, दुसरं आरोपीच्या मनगटाला. मग त्यानं डोंगर उतरून बंदरावर जायचं. धागा अखंड आहे तोवर तो देवीच्या पायाशीच बसलाय असं समजायचं. बोटीत पाय ठेवला की सुटला, पण बेटावर पुन्हा यायचं नाही. वाटेत धागा तुटला, तर तो माणूस मेलेल्याच्या घरच्यांचा. आणि धागा करायचाही त्याच घरानं, म्हणजे उद्या कुणी म्हणू नये की आम्हाला फसवलं. मेलेल्याच्या आईनं लोकर पिंजायची, घरातल्या बिनलग्नाच्या मुलीनं कातायची, आणि त्याच मुलीनं टोपली घेऊन त्याच्या मागून धागा सोडत जायचं. धाग्यात गाठ चालत नाही. गाठ म्हणजे तुटलेला धागा.

म्हणजे मीच. आमच्या घरात नीट कातता येणारी बिनलग्नाची तेव्हा मी एकटीच होते.

आल्कोनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो आमच्याकडे लोकर धुवायला स्पंज आणून द्यायचा. ताज्या स्पंजाला कुजल्या मांसासारखा वास येतो. मी नाक दाबून म्हणाले होते, “वास तुझा की मालाचा?” तो म्हणाला, “माल दोन दिवसांत वाळतो. माझं सांगता येत नाही.” इतका साधा माणूस. पुढं त्या वासाची मी वाट बघायला लागले. विहिरीवर, किनाऱ्यावर, दोन शब्द, कधी चार. लग्नाचं बोलायला तो उन्हाळा संपला की येणार होता. त्याच्याबरोबर बोलायला यूफ्रॉनच येणार होता.

असो. टकळी फिरत होती. सूर्य भिंतीवर चढला. धागा चांगला होत होता, बारीक आणि घट्ट, मी कातायचे तसाच. माझ्या धाग्याला कुणी नाव ठेवलेलं नाही, आजपर्यंत. मनात म्हणत होते, असाच होऊ दे, बंदरापर्यंत असाच.

मग आत्यानं नवा पेळू दिला आणि माझी बोटं थबकली.

मेंढी जिवंत असताना कातरलेली लोकर वेगळी आणि रोगानं मेलेल्या मेंढीच्या कातड्यावरून ओढलेली वेगळी. दिसायला सारखीच. पण मेलेलीची लोकर बोटात कोरडी लागते, गवतासारखी. पीळ धरते असं वाटतं, आणि ताण बसला की निमूट सुटते. आमच्याकडे ती उशीत भरतात. कुणी कातत नाही.

मी आत्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

“आत्या, हा पेळू जरा...”

“जरा काय?”

उंबऱ्यावरचा दगड घासायचा थांबला. बाबांनी मान वळवली.

“जरा जाडसर झालाय,” मी म्हणाले.

“मग बारीक कात. त्यासाठी तर तुझं नाव आहे सगळ्या बेटावर.” मग आवाज खाली आणून, ओठ न हलवता ती म्हणाली, “फार कोडकौतुक चाललंय तुझ्या बोटांचं. कुणासाठी गं?”

मी टकळीवरून नजर काढली नाही. तिला कळलं होतं की नुसता संशय होता, हे मी तेव्हा ओळखू शकले नाही. पेळू टाकून दिला असता तर तिनं बाबांना सांगितलं असतं, आणि बाबांनी माझ्या जागी काकाच्या सहा वर्षांच्या मुलीला टकळी दिली असती. तिनं कातलेला धागा देवळाच्या पायरीवरच तुटला असता. म्हणून मी कातला. जेवढा पीळ घालता येईल तेवढा घातला, धागा वळून वेटोळी घ्यायला लागेपर्यंत. बोटांना पुन्हा ओळखू येईल असा खडबडीत केला. तो तुकडा फार लांब नव्हता, पण मला माहीत होतं, तो धाग्याच्या शेवटाकडे आहे. म्हणजे बंदराजवळ. आल्कोनला बोट दिसायला लागेल तिथं.

आत्यानं विचार करूनच तो तिथं दिला होता.

ऊन उतरायला लागल्यावर आम्ही देवळात गेलो. आल्कोनला मी त्या दिवसांत प्रथमच पाहिलं. ओठ फुटून काळे झाले होते, डोळे आत गेले होते. थेआनो आजींनी मूर्तीच्या घोट्याला धागा बांधला आणि दुसरं टोक त्याच्या मनगटाला. तो उठताना भेलकांडला. काका पुढं झुकले.  तो सावरला.

“पोरी,” थेआनो आजी मला म्हणाल्या, “हा धागा हातात आहे तोवर तूही देवीच्या पायाशी आहेस. कुणी तुला हात लावायचा नाही. पण तुझ्या हातातून सुटला आणि हा पळाला, तर याच्या जागी तुला उभं करतील. समजलं?”

“समजलं.”

“मोठ्यानं बोल. मला ऐकू येत नाही, देवीला येतं की नाही कुणास ठाऊक.”

“समजलं!” मी ओरडले. माझा आवाज चिरकला आणि बाहेरच्या बायका हसल्या.

आम्ही निघालो. पुढं आल्कोन, त्याच्या मागं टोपली घेऊन मी, दोन्ही बाजूंना काका, आणि माझ्या पाठीशी बाबा. थेआनो आजी गाढवावर. धागा दगडाला घासू नये म्हणून बेटावरच्या बायका वाटेवर रांगेनं उभ्या होत्या. मी सोडत गेले की त्या तो तळहातांवर झेलायच्या. तेही रीतीतलंच. त्या बायकांची तोंडं काही रीतीत बसणारी नव्हती.

“अगं बाई, किती हा बारीक! निकारेतीच्या जिभेचा कातला असता तर कधी तुटला नसता.”

“तिची जीभ बांधून घ्यायला आल्कोन कबूल व्हायला हवा ना. त्यापेक्षा सुरा परवडला.”

निकारेती म्हणजे मीच. एरवी मी एकेकीला तिथंच उभं-आडवं घेतलं असतं. त्या दिवशी तोंडातून शब्द फुटेना. बोटांतून धागा सरकत होता आणि मी फक्त बोटांनी ऐकत होते. गुळगुळीत. गुळगुळीत. अजून गुळगुळीत. एका ठिकाणी शेळी वाटेत आली, धाग्याला तोंड लावायला. एका म्हातारीनं तिला अशी लाथ घातली की शेळी थेट खाली गेली. सगळे हसले.  मागून बाबांचा श्वास ऐकू येत होता, शांत, कामावर निघालेल्या माणसासारखा. त्या शांतपणाची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. बाबा रागावले की ओरडायचे. ठरवलेलं काम करताना असे गप्प व्हायचे.

शेवटचं वळण आलं. खाली बंदराचा धक्का, आणि धक्क्याला लागलेली शेजारच्या बेटावरची बोट. वळणावर समुद्राचा वारा एकदम अंगावर आला. धागा मागं हवेत उचलला गेला, बायकांनी “अगं, अगं” म्हणत तो धरला. आणि त्याच क्षणी टोपलीतून खडबडीत, वळलेलं काहीतरी माझ्या बोटांत आलं.

मी उभी राहिले. विचार केला असं म्हणणार नाही. हातानं केलं. तो सगळा कुजका तुकडा मी भराभर उजव्या तळहाताभोवती गुंडाळला आणि मूठ आवळली. आता ताण धाग्यावर नाही, माझ्या हाडांवर. पण पाऊल पुढं टाकता येईना. टाकलं तर मागचा धागा ओढला जाणार. मी टोपली खाली ठेवली. आल्कोन पुढं चालत राहिला, टोपलीतून उरलेला धागा त्याच्या मागं सरसरत गेला.

“का थांबलीस?” बाबा म्हणाले.

“गुंता झालाय.”

“दाखव.”

“सुटेल आत्ता.”

तेवढ्यात वाऱ्याचा दुसरा झोत आला, मागं कुणीतरी बाई घसरली, आणि धाग्याला हिसका बसला. मुठीच्या आत, तळहाताच्या मधोमध, मला तो सुटताना कळला. आवाज नाही, काही नाही. आधी ताठ होता, मग नव्हता. दोन टोकं. मी बोटं एवढी आवळली की नखं रुतली.

बाबांनी माझा चेहरा पाहिला. मला जन्म दिलाय त्यांनी. त्यांना दुसरं काही बघायची गरज नव्हती.

“मूठ उघड.”

“नाही.”

“निका. मूठ उघड.”

“गुंता आहे बाबा. उघडली तर वाढेल.”

त्यांनी माझ्या मनगटाकडे हात नेला. थेआनो आजींनी गाढवावरूनच काठी मध्ये घातली. “तिमोनाक्स! देवळाच्या दारातून हात आत घालतोस? मूठ तिची आहे, मुठीत काय आहे ते देवीचं. ती स्वतः उघडेल तेव्हा बघू.”

“तुटलाय तो,” बाबा म्हणाले. आवाज तसाच शांत. “आतमध्ये तुटलाय. ही लपवते आहे.”

“मग थांब. किती वेळ लपवेल? माणसाचा हात आहे.”

बाबा खरंच थांबले. सुरा काढून हातात धरला आणि माझ्या समोर उभे राहिले. काका आल्कोनच्या मागोमाग धक्क्याच्या पायऱ्या उतरायला लागले.  वारा धागा ओढत होता, मागून आणि पुढून, आणि धागा माझ्या तळहातात सुरीसारखा शिरत होता. बोटांमधून रक्त आलं.  मनात एकच, जा, लवकर जा, बोटीत पाय ठेव, माझ्याकडे बघू नकोस.

तो धक्क्यावर पोचला. बोट दोन-तीन पावलांवर. आणि धागा ताठ झाला. माझ्या हाताभोवती जेवढा गुंडाळला होता तेवढाच तिकडं कमी पडला होता.

बोटवाला ओरडला, “सोड रे ते! उडी मार! आम्ही वल्ही मारतो!”

त्याला जमलं असतं. काका अजून पायऱ्यांवर होते. एक हिसका, एक उडी, आणि तो पाण्यावर. माझ्या हातून धागा सुटला असता, आणि मागं मी राहिले असते. काकांनाही ते कळलं. एक जण थांबून माझ्याकडे बघायला लागला.

आल्कोननं मनगटावरच्या धाग्याकडे पाहिलं. मग वळून धाग्याच्या वाटेनं वर, माझ्यापर्यंत पाहिलं. एवढ्या लांबून त्याला माझा चेहरा दिसला नसेल. रक्तानं लाल झालेली मूठ दिसली असेल.

आणि तो परत यायला लागला. धागा सैल राहावा असा हात पुढं धरून, हळू, एकेक पायरी चढत, माझ्या काकांच्या सुऱ्यांच्या मधून वर. बोटवाला शिव्या घालत होता. माझ्या हातावरचा ताण उतरला. मी त्याला ओरडले, “गाढवा, खाली जा!” तो आला. माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन उभा राहिला. बाबांचा सुरा त्याच्या बरगड्यांपासून तेवढ्याच अंतरावर.

“धाग्यानं तुझा हात चिरत होता,” तो म्हणाला. घसा सुकलेला, आवाज निघत नव्हता.

 मग बायकांच्या रांगेतून मिर्तो आत्या पुढं आली. मला वाटलं, संपलं. तिला तर माहीत होतं मुठीत काय आहे ते. तीच सांगणार आता.

ती आल्कोनच्या समोर जाऊन उभी राहिली. तिच्या मुलाच्या वयाचा, तिच्या मुलाच्या उंचीचा.

“उडी का मारली नाहीस?”

“धागा ताठ झाला होता, मावशी. दुसऱ्या टोकाला ती होती.”

“मग?”

त्याला प्रश्नच कळला नाही. “मग काय? दुसऱ्या टोकाला माणूस असताना कसा सोडणार?”

आत्या आणखी जवळ गेली. मग तिनं त्याचे दोन्ही हात उलटे केले आणि तळवे बघितले. इतक्या दिवसांत कुणालाच ते सुचलं नव्हतं. देवळात मूर्तीचे पाय धरून बसलेल्या माणसाचे तळवे कोण बघणार? दोन्ही तळव्यांवर कातडं सोलून निघालं होतं, दोर घासत गेल्याच्या खोल रेघा, काळ्या पडलेल्या, पिकलेल्या. सोडणाऱ्याच्या हातावर अशा रेघा पडत नाहीत.

“असाच धरला होतास?” ती म्हणाली. “माझ्या पोराचा?”

“असाच, मावशी.” आणि तो तिथं, सगळ्या बेटासमोर, रडायला लागला. “मी ओढत होतो. खालून हिसके येत होते. मग यायचे थांबले.”

आत्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा ती माझ्याकडे वळली.

“मूठ उघड,” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“माझ्यासमोर उघड. माझ्या पदराआड.” तिनं अंगावरची शाल माझ्या हातावर टाकली आणि खालून माझी बोटं एकेक करून उचलायला लागली. तिची बोटं गार होती. तळहाताभोवतीचे फेरे तिनं उलगडले, तुटलेल्या टोकांचा कुजका भाग तेवढा बोटानं तोडून टाकला, आणि शालीखाली तिचे हात हलताना मला कळले. 

मग तिनं शाल बाजूला केली आणि सगळ्यांना दिसेल असा धागा वर धरला. मध्ये गाठ. लपवलीसुद्धा नाही.

“ताई!” बाबा ओरडले. “गाठ आहे! तुटलाय तो!”

“तुटला होता,” आत्या म्हणाली. “मी पिंजलेल्या लोकरीत तुटला. मेलेला माझा, लोकर माझी, गाठही माझी. माझ्या गाठीला कुणी नाव ठेवायचं असेल तर यूफ्रॉनला नऊ महिने ज्यानं पोटात वागवलं त्यानं ठेवावं.”

बाबा थेआनो आजींकडे वळले. आजी गाढवाच्या मानेवर हात ठेवून विचार करत होत्या. “गाठ चालत नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “आरोपीच्या बाजूच्यानं धागा जोडला तर तो फसवतोय असं समजतात, म्हणून चालत नाही. पण मेलेल्याच्या आईनं स्वतःच जोडला, तर फसवलं कुणाला? मला तर दिसत नाही कुणी फसलेलं. तुला दिसतंय?”

काकांनी सुरे खाली केले. बाबांनी केला नाही. पण तो कुणावर चालवायचा हेही त्यांना समजेना.

“जा,” आत्या आल्कोनला म्हणाली. “माझं डोकं फिरायच्या आत जा.”

तो माझ्याकडे बघत उभा.

“जा म्हणते ना!”

तो उतरायला लागला. मी गाठीच्या दोन्ही बाजूंना धागा धरून उभीच होते, सवयीनं, भीतीनं, हात सुटतच नव्हते. आत्यानं माझ्या हातांतून गाठ काढून घेतली.

“हा आता मी धरते,” ती म्हणाली. “तुझे हात मोकळे झाले.”

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

“मूर्ख पोरी. बोट किती वेळ थांबेल? आणि इथं राहून तुझा बाप तुला काय ओवाळणार आहे?” मग एकदम हळू, “धाग्याला बोट लावून जा. सोडू नकोस. धागा हातात आहे तोवर त्याला तुला शिवता येणार नाही.”

मी धाग्यावर बोट ठेवलं आणि चालायला लागले. बाबा वाटेत होते. धागा त्यांच्या कमरेला लागून जात होता. पुढं जायचं तर त्यांच्या अंगाला घासूनच जायला हवं होतं. मी त्यांच्यासमोर थांबले. सुरा अजून त्यांच्या हातात होता. इतक्या जवळून मला त्यांच्या दाढीतले पांढरे केस दिसले, आणि लहानपणापासून ओळखीचा लोकरीच्या तेलाचा वास आला.

“धागा सोड, निका,” ते म्हणाले. “घरी चल.”

“नाही, बाबा.”

“तुझी आई आज असती तर मेली असती शरमेनं.”

“आई असती तर बाबा, आज धागा तिनं कातला असता, आणि तुम्ही असा सुरा घेऊन मध्ये उभे राहिला नसता. तिच्यासमोर तुमची छाती झाली नसती.”

माझे पाय लटपटत होते आणि तोंड असं बोलत होतं. आमच्या घरच्या बायकांचं तेच आहे. पाय आणि जीभ एकमेकींना विचारत नाहीत.

 मग ते बाजूला झाले. एकच पाऊल. तेवढीच जागा दिली, की मला धागा न सोडता जाता यावं. मला वाटत होतं, आता पाठीत बसेल, आता बसेल. प्रत्येक पायरीवर वाटत होतं. खांद्यांच्या मधली ती जागा मला आजही कधीकधी गार लागते. मी मागं वळून पाहिलं नाही.

आल्कोन बोटीत उभा होता, मनगट पुढं करून. या वेळी धागा पुरला, जेमतेम. मी एक पाय बोटीत ठेवला आणि दुसरा उचलताना माझं बोट धाग्यावरून सुटलं. कुणी काही केलं नाही. बोटवाल्यानं वल्हं मारलं. आल्कोननं मनगटावरचं टोक सोडून पाण्यात टाकलं. ते थोडा वेळ तरंगलं आणि मग धक्क्याकडे सरकायला लागलं. वर वळणावर आत्या धागा ओढून घेत होती, हातावर हात, न थांबता.

आम्ही बंदराच्या बाहेर आलो.  समुद्रावर मी त्याआधी कधी गेले नव्हते. कुठं जातोय ते माहीत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती; त्यालाही माहीत नसेल तर काय करायचं?

“हात दाखव,” आल्कोन म्हणाला.

मी हात पुढं केला. माझ्या लक्षातच आलं नव्हतं, पायऱ्या उतरताना कधीतरी मूठ पुन्हा आपोआप मिटली होती. आता ती उघडेना. मी ओढून बघितलं, डाव्या हातानं बोटं सोडवायचा प्रयत्न केला. बोटं लाकडाची झाली होती.

तो उघड म्हणाला नाही. त्यानं ती मिटलेली मूठ तशीच आपल्या सोललेल्या दोन्ही तळव्यांत घेतली आणि पेत्रा बेट दिसेनासं होईपर्यंत धरून बसला.